सुनियोजित तान्हा पोळा

पोरांनी सजून-धजून दारोदार हिंडायचं आणि मोठ्यांच्या खिशातून पैसा-खाऊ काढायचा, ही विद्या विदर्भात कुणी कुणाला शिकवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा असतो. चाकांवरच्या लाकडी नंदीला दोरी बांधायची, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, पाठीवर आईच्या ब्लाऊजपिसाची झूल. मैदानात तोरणाखाली रांग लावायची आणि पोळा फुटला की घरोघर निघायचं. घरची बाई नंदीला कुंकू लावते, ओवाळते आणि बोजारा, म्हणजे पैसा-खाऊ, देते. बोजारा हातात पडेपर्यंत पोरगं पुढच्या फाटकाची कडी काढत असतं. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी ही प्रथा पाडली असं सांगतात. ते 1816 साली वारले. म्हणजे दोनशे वर्षं तरी हा कारभार अध्यक्ष, सचिव आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांच्यावाचून बिनबोभाट चालला होता. मग आमच्या ले-आउटनं तो हाती घेतला.

पिपरी (मेघे) हे वर्ध्याला खेटून असलेलं गाव. शहर कुठे संपतं आणि पिपरी कुठे लागते हे घरटॅक्सच्या पावतीशिवाय कुणालाच सांगता येत नाही. 2011 च्या जनगणनेनं आम्हाला शहरात मोजलं, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. त्यामुळे आम्ही सोयीप्रमाणे दोन्ही असतो. नाली तुंबली की म्हणतो, "शहरात हे चालते काय?" आणि टॅक्स वाढला की, "आमी खेड्यातले लोक, साहेब." आमचा ले-आउट ज्या वावरात पडला तिथे एके काळी खऱ्या बैलांनी वखर ओढला. आता त्या वावराचे एन.ए. प्लॉट झाले, प्लॉटवर डुप्लेक्स उभे राहिले, डुप्लेक्ससमोर गाडी आणि गाडीच्या बोनेटवर मोकाट कुत्रं. बैल उरला तो शोकेसमध्ये, टीव्हीच्या शेजारी, वर्षातून एकदा पुसून काढायचा.

निमित्त झालं ते पुण्याहून घरूनच काम करायची परवानगी घेऊन परतलेल्या एका तरुण बापाचं. श्रावणातल्या एका संध्याकाळी त्यानं ग्रुपवर लिहिलं, की तिकडच्या सोसायटीत दरवर्षी 31 ऑक्टोबरला मुलांचं हॅलोविन असतं, मुलं भुतांचे कपडे घालून घरोघर चॉकलेटं मागतात, आपणही करूया.

तोवर आमच्या ग्रुपवर शुभ सकाळ, नळ आला का आणि भावपूर्ण श्रद्धांजली एवढेच विषय असत. त्या रात्री संस्कृतीच आली. "आमच्या लेकरांनी भीक मागायची काय?" असा खडा सवाल ज्या काकाजींनी टाकला, त्यांच्या नातवानं मागच्या तान्ह्या पोळ्यात इतका बोजारा जमवला होता की काकाजींनी स्वतःचा मोबाइल त्यातूनच रिचार्ज केला होता. दुसऱ्या एकांनी 'भूतप्रेत हे आपल्यात बसत नाही' असं लिहिलं. त्यांना कुणीतरी आठवण करून दिली, की तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी सकाळी नागपुरात पूतनेचा पुतळा मारबत म्हणून वाजतगाजत निघतो आणि खोकल्यापासून महागाईपर्यंत सगळं तिच्यासोबत गावाबाहेर धाडून तिला जाळून टाकतात. मग हे गृहस्थ 'ती आपली आहे' म्हणाले आणि झोपायला गेले.

खरा निकाल दिला दोन नंबरच्या गल्लीतल्या काकूंनी. काकूंची मुलगी आयोवातल्या डी मॉइन शहरात असते. काकू तिथे राहून आल्या. त्यामुळे अमेरिका म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त डी मॉइन येतं आणि अमेरिकेत डी मॉइन सोडून आणखी काही असेल यावर त्यांचा फारसा विश्वास नाही. काकूंनी सांगितलं, की तिथे पोरं मागायला निघायची ती हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी, 30 ऑक्टोबरला, सहा ते आठ. हॅलोविनच्या रात्री फार तोडफोड व्हायची म्हणून 1930 च्या दशकात गावानंच ही वेळ बांधून दिली होती. फाटकावरचा दिवा चालू असेल त्याच घरी जायचं. आणि चॉकलेट फुकट नाही. पोरानं आधी एक विनोद सांगायचा.

"म्हंजे आपल्या झडत्याच की," कुणीतरी म्हणालं.

पोळ्यात तोरणाखाली झडत्या म्हणतात, एकमेकांना टोले हाणणाऱ्या, आणि शेवटी 'हर बोला हर हर महादेव'. डी मॉइनची पोरं झडत्या म्हणतात हे कळल्यावर ले-आउटचा अमेरिकेवरचा राग एकदम निवळला. तडजोड निघाली: हॅलोविन नको, तान्हा पोळाच; पण डी मॉइनसारखा. वेळापत्रक, नियम, शिस्त.

मी या सगळ्या चर्चेत अक्षर लिहिलं नव्हतं. त्यामुळे 'सर निःपक्ष आहेत' असं ठरून मला नियोजनप्रमुख केलं गेलं. ग्रुपवर गप्प राहणाऱ्याला वाटतं आपण शहाणे आहोत. त्याला कुणी तरी सांगायला हवं.

पहिली बैठक ओपन प्लेसवरच्या हनुमान मंदिरात झाली. ओपन प्लेस म्हणजे ले-आउटमधली मुलांच्या खेळण्यासाठी सोडलेली जागा, जिथे मंदिर, टाकी, बोअरवेल, सभामंडप आणि दोन नादुरुस्त ट्रॅक्टर-ट्रॉल्या असल्यामुळे मुलं रस्त्यावर खेळतात. बैठकीचा निम्मा वेळ फ्लेक्सवर गेला. कुणाचे फोटो, कोणत्या क्रमानं, चष्मा लावलेले की काढलेले. शेवटी सगळ्यांना सामावून घेतल्यावर फ्लेक्सवर नंदीसाठी डाव्या कोपऱ्यात पासपोर्टएवढी जागा उरली. छापणाऱ्यानं इंटरनेटवरून बैल उचलला. तो स्पेनचा निघाला. नीट पाहिलं तर त्याच्या शिंगांपाशी लाल कापड धरलेला अर्धा माणूसही होता. अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या, गडी झूल घालून राह्यला असं वाटते."

मग बोजाऱ्याचा दर. प्रत्येक घरानं सारखाच द्यावा, म्हणजे कुणाला कमीपणा नाही, असं एका सभासदानं सुचवलं. पोरांकडे मात्र दोन पिढ्यांचं गुप्तवार्ता खातं आहे: कोणत्या घरी दहाची नोट, कोणत्या घरी चार आणे चालत नाहीत हे माहीत नसलेल्या आजी, कोणत्या घरी 'थांबा हं' म्हणून आत गेलेला माणूस परत येत नाही. हे सगळं मोडून आम्ही पाच रुपये आणि एक गोरसपाक असा सरसकट दर बांधला. गोरसपाक वर्ध्याची शान, त्यावर दुमत नव्हतं. हिशेब केल्यावर एकमतानं असं ठरलं, की ही शान पाहुण्यांच्या सत्काराच्या डब्यात शोभेल, पोरांना चॉकलेट.

पण पोरं म्हणजे कोणती पोरं? शेजारच्या ले-आउटची आली तर? इथे मंडळी गंभीर झाली. आमचा ले-आउट नेमका कुठे संपतो यावर तीन मतं होती आणि तिन्हींकडे 7/12 होता. मी कूपन पद्धत सुचवली. प्रत्येक मुलाला नंबर घातलेलं, शिक्का मारलेलं कूपन. घरोघर त्यावर टिक करायची. सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. दुसऱ्याच दिवशी शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे एक चौथीतला मुलगा आपलं कूपन घेऊन उभा असलेला मला दिसला.

"किती काढू?" झेरॉक्सवाला विचारत होता.

"दहा. शिक्का जांभळा येईन का?"

सगळ्यात मोठा घाट नंदीचा. आमच्या जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा नामांकित. तिथले नंदी माणसाहून उंच असतात, गाड्यावर ठेवून ओढावे लागतात. अध्यक्षांच्या साडूची तिथे ओळख. असा एक नंदी आणून मधोमध उभा केला तर पेपरात फोटो नक्की. ज्या दिवशी तिथे खुद्द पोळा, त्या दिवशी ते आपला नंदी पिपरीला कशाला देतील, असं मी विचारलं. "सर, तुमी निगेटिव्ह नोका बोलू," असं उत्तर आलं. मालवाहू ऑटो ठरला. ड्रायव्हरला निरोप गेला, 'सिंदीवरून नंदी आण.'

आता वर्ध्याच्या अंगाला सिंदी (मेघे) आहे. सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), उमरी (मेघे) आणि आम्ही, या सगळ्यांच्या पंगतीतली. सिंदी (रेल्वे) नागपूरच्या वाटेवर, पार सेलू तालुक्यात. ऑटोवाला इतक्या लवकर परत आला तेव्हाच शंका यायला हवी होती. मागच्या फळीवर गुडघ्याएवढा एक नंदी, सहा दोऱ्यांनी करकचून बांधलेला. पाठोपाठ एक स्कूटर. स्कूटरवर संतापलेला बाप आणि रडून लाल झालेली मुलगी.

"अरे, उचलून आणला काय?" अध्यक्ष ओरडले.

"तुमीच म्हणले ना सिंदीतून नंदी आण. एका घरापुढं सजवून ठेवला होता. मले वाटलं तयारच हाय."

बापाला चहा पाजला. मुलीला चॉकलेट दिलं. ती म्हणाली, आता आलेच आहे तर मी इथेच पोळा करणार. तिच्याकडे कूपन नव्हतं. नियमांत परगावच्या नंदीची तरतूद नव्हती. समिती या पेचावर चर्चा करत असताना त्या चौथीतल्या मुलानं खिशातून एक कूपन काढून तिला दिलं. शिक्का काळा आला होता, पण चालला.

पोरांना चार वाजता बोलावलं होतं, कारण पाहुणे पाचला येणार होते, म्हणजे सहाला. कूपन नंबरप्रमाणे रांग. तान्हा पोळा म्हणजे करीचाही दिवस, घरोघर मटण. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे दुपारनंतर गैरहजर राहिलेले समितीचे तीन सभासद केवळ रश्शानं सुस्तावलेले होते. असं त्यांच्या घरच्यांनी फाटकातूनच सांगितलं.

साडेचारला भुरभुर सुरू झाली. बेगड निघायला लागला. धोतर-फेटे नेसवलेली पोरं धोतर हातात धरून उभी. त्यांत एक सांगाडाही होता. पुणेकर बापानं हॅलोविनसाठी आधीच मागवलेला पोशाख परत जाईना, म्हणून त्यानं मुलाला तोच चढवला होता. काळ्या कपड्यावर पांढऱ्या बरगड्या, हातात नंदीची दोरी. त्याला पाहून बाकीची पोरं अजिबात घाबरली नाहीत. फक्त त्याचा नंदी पुन्हा पुन्हा तपासत राहिली, त्याच्याही बरगड्या दिसतात का ते बघायला.

वेळ काढायला आम्ही झडत्या घेतल्या. गुरुजींनी त्या आधीच लिहून दिल्या होत्या: प्लास्टिकमुक्ती, जलसाक्षरता, ओला कचरा-सुका कचरा. पहिल्या दोन मुलांनी त्या शाळेच्या प्रार्थनेच्या चालीत म्हटल्या. तिसरा मुलगा कागद विसरला, किंवा तसं म्हणाला, आणि माइक हातात घेऊन सुरू झाला:

"चार वाजता बलावलं, सहा वाजून गेले,
पाहुणे नाई आले अजून, नंदी झाले ओले!
हर बोला हर हर महादेव!"

ओपन प्लेस दणाणून गेली. अध्यक्षांनी माइक काढून घेतला आणि 'बालकलाकारांचं कौतुक' म्हणून तो स्वतःकडेच ठेवला.

पाहुणे आले. बैल हा शेतकऱ्याचा खरा मित्र, या विषयावर ते बोलले. समोर बसलेल्यांपैकी कुणाकडेही बैल नव्हता. पाहुण्यांकडे तीन ट्रॅक्टर असल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मग अध्यक्षांनी तोच विषय पुढे चालवला. बैलाशी आपलं नातं रक्ताचं आहे, असं ते म्हणत असतानाच मागच्या गल्लीतून आमच्या ले-आउटचा मोकाट सांड आला. हा सांड रोज येतो. भाजीवाल्याच्या गाडीशी उभा राहतो, मेथी घेतो, जातो. त्या दिवशी गर्दी, ढोल, माइक पाहूनही तो विचलित झाला नाही. रांगेत आला. कूपन क्रमांक अकरा आणि बारा यांच्या मधोमध उभा राहिला. पाहुणे खुर्चीवर चढले. रक्ताचं नातं सांगणारे अध्यक्ष टेबलावर चढले.

पावसानं ओली होऊन तोरणाची दोरी खाली लोंबली होती. सांडानं मान वर केली आणि आंब्याची पानं खायला सुरुवात केली. सावकाश, एका टोकापासून. दोरी तुटली.

"फुटला! पोळा फुटला!"

तोरण तुटलं की पोळा फुटतो, हा एकच नियम पोरांना ठाऊक होता आणि तो आमच्या सगळ्या नियमांहून जुना निघाला. रांग, नंबर, गल्लीनिहाय मार्ग, सहा ते आठ, सगळं क्षणात विस्कटलं. पन्नासएक लाकडी चाकं खडखडत चारी दिशांना पळाली. माझ्या हातात टिक करायचा पेन राहिला.

आणि लाइन गेली. चार थेंब पडले की आमच्याकडे लाइन जाते, त्यात नवल नाही. पण काकूंच्या डी मॉइनच्या नियमानं आता पिपरीतलं एकही घर 'चालू' नव्हतं. काकू अंधारात ओरडून सांगत होत्या, "दिवा असंन तिथंच जा रे पोट्टेहो!" पोट्टे दिसेल ते फाटक वाजवत होते. ज्या घरी 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी आहे आणि कुत्रं नाही, तिथेही गेले. मालक बाहेर आले, मोबाइलच्या उजेडात नंदी पाहिले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत इकडं कोणी आलंच नाई ना बाप्पा," आणि देवघरातल्या डबीतली सगळी नाणी ओतून मोकळे झाले.

सांगाडा आमच्या शेजारच्या आजींकडे गेला. आजींना मोतीबिंदू. त्यांनी समई वर धरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आधी त्यालाच कुंकू लावलं, मग नंदीला.

"कोणाचा रे तू? जेवत नाई काय? माय कामावर जाते काय तुही?" त्यांनी त्याला बसवून पुरणपोळी खाऊ घातली, वर दुधाची वाटी आणि निघताना पन्नासची नोट. ही बातमी पाच मिनिटांत गल्लीभर झाली. त्यानंतर तीन पोरं शर्ट काढून, अंगावर खडूच्या बरगड्या काढून आजींच्या दारात उभी असलेली मी स्वतः पाहिली.

मोठ्यांची पंचाईत वेगळीच होती. सुटे पैसे बाळगायचे दिवस गेले. सगळ्यांचा भरवसा मोबाइलवर. दोन-तीन हुशार पोरांनी नंदीच्या गळ्यात बापाच्या क्यूआर कोडचं लॅमिनेशन लटकवलं होतं. "काकाजी, स्कॅन करा ना." लाइन गेल्यावर टॉवरनंही मान टाकली. चक्र नुसतं फिरत राहिलं. मग रोकड शोधणं आलं: गाडीच्या कप्प्यातली नाणी, डाळीच्या डब्यातल्या नोटा, लग्नात द्यायला आणलेल्या पाकिटांवर चिकटवलेला एकेक रुपया. पाच रुपयांच्या सरसकट दराचं कुणी नाव काढलं नाही. साडेआठपर्यंत ले-आउटमधला झाडून सगळा नगद पैसा पोरांच्या थैल्यांत गेला होता.

पहिलं बक्षीस, स्टीलची पाण्याची बाटली, सिंदी (मेघे)च्या मुलीच्या नंदीला मिळालं. एकटा तोच पावसात न भिजता पोचला होता, कारण तो ऑटोत बराच वेळ ताडपत्रीखाली विसरला गेला होता.

नऊ वाजता बिछायतवाला आला. खुर्च्या, मंडप, साउंड. आगाऊ वजा जाता बाकी नगद पाहिजे. "उद्यापासून गणपतीचे मंडप लागते माझ्याकडं, मले आत्ताच पायजे." खजिनदारांनी मोबाइल वर धरला, गच्चीवर जाऊन धरला, मंदिराच्या पायरीवर उभं राहून धरला. रेंज नाही. अध्यक्षांनी खिसे चाचपले. मी पाकीट उघडलं. त्यात कूपनं होती. सगळी समिती अंधारात एकमेकांकडे पाहत असताना सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला मेणबत्तीच्या उजेडात पोरं नोटा वेगळ्या आणि नाणी वेगळी करत बसलेली दिसली. हिशेब तो चौथीतला मुलगा पाहत होता.

खजिनदार त्याच्याजवळ जाऊन उकिडवे बसले.

"बेटा, थोडे उधार देता का? उद्या सकाळी परत."

मुलानं बाकीच्यांकडे पाहिलं. कुजबुज झाली. सांगाडा काहीतरी म्हणाला. सिंदीच्या मुलीनं नकारार्थी मान हलवली, मग होकारार्थी.

"देतो. पण पुढच्या वर्षी भाषण नाई. कूपन बी नाई."

"मान्य."

"आनं कागदावर लिहून द्या. सरची सही पायजे."

मी कूपनाच्या मागच्या बाजूला लिहून सही केली. त्यानं शिक्काही मागितला; तो माझ्याकडेच होता. पैसे मोजून देताना तो म्हणाला, "गणपतीच्या आंधी वापस करा मात्र. आम्हाले वर्गणी मागाले यायचं हाय."

"आणि व्याज?" खजिनदारांनी गमतीनं विचारलं.

"ते वर्गणीत पकडतो ना, काका."